पुलाची तपासणी पुलाखाली उतरून व्हावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या महापुरामुळे लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग आणि वडकबाळ-हत्तूर परिसरात विजापूर महामार्ग वाहतुकीसाठी बंद ठेवावा लागला होता. माढा, करमाळा, मोहोळ, उत्तर व दक्षिण सोलापूर या तालुक्यांतील नदीकाठच्या गावांनी त्या दिवसांत जे सोसले, ते आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. पाणी ओसरले, रस्त्यावरचा गाळ काढला गेला, वाहने पुन्हा धावू लागली आणि पुलांचा विषय लोकांच्या बोलण्यातून मागे पडला. पुलाची खरी काळजी मात्र पाणी ओसरल्यानंतरच करायची असते, आणि तेवढे एकच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबले तर क्षमा असावी.

मी स्थापत्य अभियंता म्हणून तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केली असून त्यातला बराचसा काळ याच जिल्ह्यातील रस्ते आणि पूल यांच्या कामात गेला. निवृत्तीनंतर जुळे सोलापुरात राहतो. कोणत्याही एका कार्यालयावर किंवा अधिकाऱ्यावर ठपका ठेवण्याचा माझा हेतू नाही. ज्या पद्धतीने आपण पूल तपासतो त्या पद्धतीचा मीही एक भाग होतो, आणि तिच्यातील उणिवा मी आतून पाहिल्या आहेत, म्हणूनच त्याविषयी बोलण्याचा मला अधिकार आहे असे मला वाटते.

पुलांची तपासणी आपल्याकडे होतच नाही, असा एक समज आहे आणि तो चुकीचा आहे. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा पूल पाहून त्याचा विहित नमुना भरायचा असतो, हे प्रत्येक शाखा अभियंत्याला ठाऊक असते. भारतीय रस्ते महासभेने पुलांच्या तपासणी व देखभालीसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढलेली आहे. विशेष प्रकाशन क्रमांक ३५ म्हणून ती ओळखली जाते आणि २०१५ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात नियमित तपासणी, सखोल अशी प्रमुख तपासणी आणि पूर, भूकंप किंवा अपघातानंतरची विशेष तपासणी असे स्पष्ट भेद केलेले आहेत. केंद्रीय रस्ते मंत्रालयाने २०१६ मध्ये देशभरातील पुलांची नोंद करून प्रत्येकाला ओळख क्रमांक देणारी व्यवस्थाही सुरू केली. तेव्हा नियम नाहीत किंवा ज्ञान नाही, अशी स्थिती नाही. अडचण आहे ती तपासणी नेमकी कोठे उभे राहून केली जाते आणि तिच्या नोंदीचे पुढे काय होते, या दोन जागी.

एका शाखा अभियंत्याकडे रस्त्यांची लांबी मोठी असते, त्यावरील लहानमोठे पूल आणि मोऱ्या यांची संख्या शंभराच्या घरात जाऊ शकते, आणि मे महिन्यात त्याच्यामागे देयके, मोजमापे आणि पावसाळ्याआधी उरकायची डांबरीकरणाची कामे लागलेली असतात. अशा वेळी जीप पुलावर थांबते, कठडे शाबूत आहेत का, डांबराला खड्डे पडले आहेत का, एवढे पाहिले जाते आणि नमुन्यातील रकाने ‘समाधानकारक’ या शब्दाने भरले जातात. पुलाचा आजार सहसा वरून दिसत नाही. तो दिसतो खाली उतरल्यावर, स्लॅबच्या पोटाला, गर्डरच्या म्हणजे स्लॅब पेलणाऱ्या तुळईच्या टोकाशी, गर्डर ज्यावर टेकतो त्या बेअरिंगच्या बैठकीवर आणि खांबाच्या पायथ्याशी. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्यासोबत एक वयस्क मुकादम असत. ते कोणत्याही पुलावर आले की आधी चपला काढून ठेवत आणि काठी टेकत नाल्यात उतरत. ‘साहेब, पूल वरून सगळेच चांगले असतात,’ असे ते म्हणत. मोहोळ तालुक्यातील एका पाच गाळ्यांच्या (दोन आधारांमधला पुलाचा भाग म्हणजे गाळा) पुलाखाली त्यांनीच मला प्रथम दाखवले की स्लॅबच्या पोटाला काँक्रीटचे पापुद्रे सुटून सळया उघड्या पडल्या आहेत आणि त्यांच्यावरचा गंज बोटाने खरवडता येतो आहे. वरून पाहिले तर त्या पुलावर नुकताच डांबराचा नवा थर दिलेला होता.

त्या पुलाचे दुखणे कशाने सुरू झाले, हे सांगण्यासारखे आहे, कारण आपल्या जिल्ह्यातील अनेक पुलांची कहाणी तीच असावी. पुलावर पडणारे पावसाचे पाणी खाली सोडण्यासाठी कडेला लहान पाइप बसवलेले असतात. माती, खडी आणि उसाचे पाचट अडकून ते बुजतात. मग पाणी स्लॅबवर साचून राहते, भेगांतून आणि सांध्यांतून झिरपते, सळईपर्यंत पोहोचते आणि सळई गंजू लागते. गंजलेल्या लोखंडाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते, त्यामुळे ते भोवतीचे काँक्रीट आतून फोडते. काँक्रीट फुटले की पाण्याला आणखी वाट मिळते. हे सगळे घडायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि ते थांबवायला लागतो एक मजूर, एक लोखंडी गज आणि अर्धा दिवस. पूर्वी रस्त्याच्या ठरावीक लांबीवर मैलकुली, म्हणजे रस्त्याची रोजची देखरेख करणारे मजूर, नेमलेले असत. आपल्या हद्दीतील मोरी कोणत्या पावसात तुंबते आणि कोणत्या पुलाच्या कमानीत पिंपळ उगवला आहे, हे त्यांना तोंडपाठ असे. दगडी कमानीत रुजलेला पिंपळ हाताने उपटण्याएवढा असताना काढला नाही, तर त्याच्या मुळ्या दरजांमधून शिरून दगड हलवतात, आणि मग झाड तोडूनही उपयोग होत नाही. मैलकुलींची पदे कमी होत गेली, कामे ठेकेदारीवर गेली आणि रोज पुलाकडे पाहणारी ती नजर नाहीशी झाली, याचे मला आजही दुःख वाटते.

बेअरिंगबद्दलही थोडे लिहिले पाहिजे. सोलापूरचा उन्हाळा कसा असतो ते आपण जाणतोच. वीस मीटरचा काँक्रीटचा गाळा थंडीच्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत सुमारे तीस अंशांनी तापला, तर तो साधारण सात मिलिमीटर लांबतो. हे लांबणे-आखडणे सुखाने व्हावे म्हणून गर्डरखाली बेअरिंग आणि दोन गाळ्यांच्या मध्ये सांधा ठेवलेला असतो. सांध्यात माती घट्ट बसली, किंवा त्यावरून सरसकट डांबर ओढून टाकले आणि बेअरिंग गंजून जाम झाले, की ते बळ खांबाच्या डोक्यावर आणि गर्डरच्या टोकावर जाते आणि तेथे काँक्रीट चिरडू लागते. ९ जुलै २०२५ रोजी गुजरातमध्ये वडोदरा आणि आणंद जिल्ह्यांना जोडणाऱ्या मही नदीवरील गंभीरा पुलाचा भाग कोसळून किमान २० जणांचा जीव गेला. त्या दुर्घटनेचे प्राथमिक कारणही आधाराच्या बैठका आणि सांधे चिरडले जाणे असेच सांगण्यात आले. तो पूल चाळीस वर्षांचा होता. आपल्या जिल्ह्यात त्या वयाचे किंवा त्याहून जुने पूल किती आहेत, याचा विचार प्रत्येकाने आपल्या रोजच्या वाटेवर करून पाहावा.

पण माझ्या मते सोलापूरसाठी सर्वांत मोठा धोका याहून वेगळा आहे आणि तो पाण्याखाली आहे. पुराचे वेगवान पाणी पुलाच्या खांबावर आदळते तेव्हा ते खांबाच्या पुढच्या अंगाने खाली वळते आणि पायथ्याशी भोवरे धरून तळाची वाळू, माती उकरून काढते. खांबाभोवती खड्डा पडत जातो. आम्ही अभियंते याला ‘स्कावर’ म्हणतो. हा खड्डा पूर ऐन भरात असताना सर्वांत खोल असतो, आणि पाणी उतरू लागले की वाहून आलेला सैल गाळ व वाळू त्यात पुन्हा भरते. त्यामुळे चार दिवसांनी पाहणाऱ्याला तळ पूर्वीसारखाच सपाट दिसतो. प्रत्यक्षात पायाभोवतीचा घट्ट थर गेलेला असतो आणि त्याच्या जागी पुढच्या पुरात तासाभरात वाहून जाईल असा भुसभुशीत गाळ बसलेला असतो. ज्या पुलाचा पाया अखंड खडकात नीट रोवलेला आहे त्याला याचे भय कमी. परंतु आपल्या भीमा आणि सीना या नद्यांच्या पात्रांत कोठे खडक वर आहे, तर कोठे वाळूचे आणि मातीचे जाड थर आहेत, आणि जुन्या पुलांच्या बाबतीत पाया किती खोल गेला आहे याचे मूळ नकाशे कार्यालयात सापडतीलच असे नाही. अशा पुलांच्या पायथ्याशी गज खुपसून किंवा पाणी असेल तेथे पाणबुडे उतरवून प्रत्यक्ष खोली मोजल्याशिवाय ‘पूल सुरक्षित आहे’ असे म्हणता येत नाही.

हे भय पुस्तकी नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील स्कोहारी क्रीक या नदीवरील महामार्गाचा पूल ५ एप्रिल १९८७ रोजी पुरात पायाखालची माती गेल्यामुळे कोसळला आणि १० माणसे दगावली. त्यानंतर त्या देशाने पुलांच्या पाण्याखालील भागाची ठरावीक मुदतीत तपासणी करणे आणि प्रत्येक पुलाला स्कावरचा धोका किती आहे याचे मूल्यमापन करणे बंधनकारक केले. आपल्या राज्याला याची आठवण वेगळ्या नावाने आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि राजापूर व जयगडहून निघालेल्या दोन एसटी बसगाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य असल्याचे दिसून आले होते, असे तेव्हा शासनाकडून सांगण्यात आले. पाहणी करणाऱ्यांनी खोटे लिहिले असे मी म्हणणार नाही. मे महिन्यात कोरड्या नदीवरच्या पुलाकडे पाहून जे दिसते, ते त्यांनी लिहिले असावे.

आपल्या नद्यांबाबत यात आणखी एक भर पडते ती वाळूउपशाची. पुलाच्या जवळून वाळू काढली की नदी तो खड्डा भरण्यासाठी वरच्या बाजूची वाळू ओढते आणि पुलाच्या पायाभोवतीचा तळ हळूहळू खाली जातो. म्हणजे पूर नसतानाही पाया उघडा पडत राहतो. वाळूचोरीच्या बातम्या आपण महसुलाच्या नुकसानीच्या अंगाने वाचतो. त्या पुलाच्या सुरक्षिततेच्या अंगानेही वाचल्या जाव्यात आणि पुलाच्या वर-खाली ठरावीक अंतरात उपसा आढळला, तर महसूल यंत्रणेने त्याची लेखी सूचना पूल ज्याच्या ताब्यात आहे त्या खात्याला त्याच दिवशी द्यावी, एवढे तरी व्हायला हवे.

पंढरपूरचा जुना दगडी पूल आपण सर्वांनी पाहिला आहे. उजनी आणि वीर धरणांतून मोठा विसर्ग सुटला की चंद्रभागेचे पाणी त्यावरून जाते आणि तो बंद करावा लागतो. पाण्याखाली जाणारे पूल तशाच हेतूने बांधलेले असतात, त्यामुळे बुडणे हा त्यांचा दोष नव्हे. मात्र बुडालेला पूल पुन्हा उघडण्यापूर्वी काय पाहायचे, याची एक पद्धत असायला हवी. प्रवाहाच्या दाबाने स्लॅब बेअरिंगवरून सरकला आहे का, वाहून आलेली बाभळीची खोडे आणि जलपर्णी खांबांना अडकून पाण्याचा मार्ग अडला आहे का, दोन्ही टोकांच्या भरावाखालची माती गेली आहे का, हे पाहायला अनुभवी माणसाला एक दिवस पुरतो. आषाढीला लाखो वारकरी नदीकाठी असतात तेव्हा पाणी उतरल्याबरोबर वाहतूक सुरू करा, असा दबाव प्रशासनावर किती असतो याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही तो एक दिवस त्या पुलाला मिळाला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आता एका अशा गोष्टीकडे लक्ष वेधतो, जिच्याविषयी शहरातील वाचकांना फारशी कल्पना नसेल. आपल्या ग्रामीण भागात नदी ओलांडण्यासाठी लोक ज्याचा उपयोग करतात तो अनेकदा पूल नसतोच, तो कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असतो. पाणी अडवण्यासाठी बांधलेल्या या बंधाऱ्यावरील अरुंद स्लॅब बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढण्या-घालण्यासाठी आणि फार तर हलक्या वाहतुकीसाठी असतो. पण जवळचा पूल दहा-बारा किलोमीटरवर असला की शाळेची मुले, दुधाच्या गाड्या आणि हंगामात उसाने भरलेले ट्रॅक्टरही त्यावरूनच जातात. बंधारा जलसंपदा विभागाचा, त्याला येऊन मिळणारा रस्ता जिल्हा परिषदेचा, आणि त्यावरून होणारी वाहतूक कोणाच्याच नोंदीत नाही, अशी ही अवस्था असते. पुलांच्या यादीत नाव नसल्याने पूल म्हणून त्याची तपासणी होत नाही. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जणांचा मृत्यू झाला. तो पूल धोकादायक असल्याचे फलक तेथे लावलेले होते. फलक लावल्याने माणसे थांबत नाहीत, कारण पलीकडे जाण्याची गरज फलकाने संपत नाही. म्हणून ज्या बंधाऱ्यांवरून प्रत्यक्षात वाहतूक होते त्यांची प्रथम प्रामाणिक यादी करावी, जेथे भार पेलणार नाही तेथे लोखंडी कमान उभारून जड वाहनांना शारीरिकरीत्या अटकाव करावा आणि जेथे लोकांना दुसरी वाटच नाही तेथे पुलाचा प्रस्ताव अग्रक्रमाने घ्यावा.

ताब्याचा प्रश्न फक्त बंधाऱ्यांपुरता नाही. सोलापूर जिल्ह्यातील एखादी नदी उगमाच्या बाजूने खाली येताना राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद आणि जलसंपदा विभाग अशा किती कार्यालयांच्या पुलांखालून वाहते! शहरात त्यात महापालिका आणि रेल्वेची भर पडते. आसरा चौकाकडच्या रेल्वे पुलासारख्या ठिकाणी रुळांवरचा भाग एकाचा आणि दोन्ही बाजूंचे जोडरस्ते दुसऱ्याचे असतात. माझ्या नोकरीत एका लहान पुलाच्या खांबाचा पाया उघडा पडल्याचे मी लेखी कळवले होते. दुरुस्तीचा खर्च फार नव्हता. परंतु तेवढ्यात तो रस्ता एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे वर्ग होण्याच्या मार्गावर होता, त्यामुळे आधीच्या कार्यालयाने ‘रस्ता वर्ग होत आहे’ म्हणून आणि नंतरच्या कार्यालयाने ‘रीतसर ताबा मिळालेला नाही’ म्हणून खर्च करण्याचे नाकारले. तीन पावसाळे गेले. चौथ्या पावसाळ्यापूर्वी काम झाले, पण तोवर खर्च कितीतरी वाढला होता. त्या तीन पावसाळ्यांत मोठा पूर आला नाही, हे गावाचे नशीब. पूल नशिबाच्या भरवशावर ठेवण्याची वस्तू नव्हे, हे मी तेव्हाही टिपणीत लिहिले होते.

भाराविषयी थोडक्यात लिहितो. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा आहे. गाळप हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि ठासून भरलेल्या मालमोटारी रात्रंदिवस ज्या पुलांवरून जातात, त्यांतील कित्येक पूल ज्या काळी संकल्पित झाले त्या काळी अशी वाहने नव्हती. त्यातच जुलै २०१८ मध्ये केंद्र शासनाने मालवाहू वाहनांचा कायदेशीर भार वाढवला आणि चार टायरच्या एका आसावरील मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वाहने कायद्याने जड झाली, पूल मात्र होते तेच राहिले. जुन्या पुलांची भारक्षमता पुन्हा काढून ती फलकावर लिहिणे आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी ती यादी कारखान्यांच्या शेती विभागाला व वाहतूक ठेकेदारांना देणे, हे काम फार अवघड नाही.

दुर्घटना घडली की ‘स्ट्रक्चरल ऑडिट’चे आदेश निघतात. सावित्रीनंतर निघाले, कुंडमळ्यानंतर निघाले. ऑडिट हवेच, पण ऑडिट झाले म्हणजे पूल सुरक्षित झाला, असे मानणे घातक आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी कोसळला, तेव्हा त्याचे ऑडिट झालेले होते आणि त्याला किरकोळ दुरुस्ती पुरेशी असल्याचा निष्कर्ष त्यात होता. तपासणीलाही मर्यादा आहेत, हे मी प्रांजळपणे मान्य करतो. अमेरिकेतील मिनियापोलिस येथील मिसिसिपी नदीवरचा पूल दरवर्षी तपासला जात असूनही १ ऑगस्ट २००७ रोजी पडला आणि १३ जण गेले, कारण त्याच्या जोडपट्ट्या मूळ संकल्पनातच कमी जाडीच्या धरलेल्या होत्या. अशा चुका डोळ्यांनी सापडत नाहीत. परंतु बुजलेले पाइप, गंजलेल्या सळया, जाम झालेले बेअरिंग आणि उघडा पडलेला पाया हे सर्व डोळ्यांनी, हाताने आणि एका गजाने सापडते, आणि आपल्याकडील धोक्याचा मोठा वाटा याच गोष्टींत आहे असे माझा अनुभव सांगतो. हातोडीचा ठोका मारून काँक्रीट पोकळ वाजते का हे ऐकणे ही जुनी, स्वस्त आणि खात्रीची पद्धत आहे. उपकरणांच्या चाचण्या तिच्यानंतर येतात. जपानने २०१२ मध्ये सासागो बोगद्यातील छत कोसळून ९ जणांचा मृत्यू झाल्यानंतर दर पाच वर्षांनी प्रत्येक पूल आणि बोगदा हात पोहोचेल इतक्या जवळून पाहणे सक्तीचे केले. ‘हात पोहोचेल इतक्या जवळून’ ही अट मला फार मोलाची वाटते.

दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे नोंद उघड असणे. अमेरिकेत १५ डिसेंबर १९६७ रोजी सिल्व्हर ब्रिज नावाचा पूल ओहायो नदीत कोसळून ४६ माणसे मेली, त्यातून १९७१ मध्ये तेथे राष्ट्रीय तपासणी मानके आली आणि सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी प्रत्येक सार्वजनिक पुलाची तपासणी होऊ लागली. तेथे पुलाचा वरचा भाग, गर्डर आणि खांब-पाया यांना शून्य ते नऊ असे वेगवेगळे गुण दिले जातात आणि सहा लाखांहून अधिक पुलांची ही माहिती कोणाही नागरिकाला विनामूल्य पाहता येते. आपल्याकडेही यासाठी नवा कायदा लागणार नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी शक्य तितकी माहिती कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे. पुलाच्या तपासणीचा नमुना हा त्यात सर्वांत आधी यावा असा दस्तऐवज आहे, कारण त्यावर रोज घराबाहेर पडणाऱ्या माणसाचा जीव अवलंबून असतो. नोंद लोकांसमोर येणार आहे हे ठाऊक असले, की ‘समाधानकारक’ हा शब्द लिहिण्याआधी लिहिणारा खाली उतरून पाहील. आणि ज्या प्रामाणिक अभियंत्याने ‘पाया उघडा पडला आहे, तातडीने दुरुस्ती आवश्यक’ असे लिहिले आहे, त्याच्या पाठीशी लोक उभे राहतील. आज त्याची टिपणी नस्तीत पडून राहते आणि दुर्घटना घडली की चौकशी त्याचीच होते.

निधीचा मुद्दा मी जाणूनबुजून शेवटी ठेवला आहे. नव्या पुलाला भूमिपूजन असते, उद्घाटन असते, कोनशिला असते. बुजलेला पाइप मोकळा करण्याला यातले काही नसते, म्हणून देखभालीची तरतूद नेहमी मागे राहते आणि जी असते तीही खड्डे बुजवण्यात संपते. जिल्हा नियोजन समितीने पुलांच्या देखभालीसाठी स्वतंत्र रक्कम राखून ठेवावी, ती रस्त्यांच्या डांबरीकरणाकडे वळवू नये आणि ती खर्च करताना तपासणीत सर्वांत कमी गुण मिळालेल्या पुलापासून सुरुवात करावी, अशी माझी आमच्या लोकप्रतिनिधींना विनंती आहे.

जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, त्यामुळे ताब्याच्या सीमा ओलांडून सर्व खात्यांना एका टेबलाभोवती बसवणे त्यांना शक्य आहे. त्यांनी जिल्ह्यातील सर्व पूल, फरशी पूल आणि वाहतुकीचे बंधारे यांची एकच यादी करवून घ्यावी. २०२५ च्या पुरात ज्यांच्यावरून किंवा ज्यांच्या गर्डरपर्यंत पाणी गेले, त्यांच्या प्रत्येक खांबाच्या पायथ्याची खोली मोजून घ्यावी. ती मोजणी उन्हाळ्यात पात्र कोरडे असताना सुरू करता येते. प्रत्येक पुलाच्या दोन्ही टोकांना एक साधा फलक असावा, ज्यावर पूल कोणत्या कार्यालयाच्या ताब्यात आहे, बांधणीचे वर्ष, कमाल भार, अखेरची तपासणी कोणत्या दिनांकास झाली आणि तडा किंवा खचलेला भराव दिसल्यास कळवण्याचा क्रमांक एवढे मजकूर असतील. खांबांवर पाणीपातळीची पट्टी आणि वाहतूक थांबवण्याची लाल खूण रंगवलेली असावी, म्हणजे रात्रीच्या वेळी गावातील पोलीस पाटलालाही वरिष्ठांच्या आदेशाची वाट न पाहता पूल बंद करता येईल.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. आपले वार्ताहर प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांनी वर उल्लेखिलेल्या प्रत्येक खात्याच्या स्थानिक कार्यालयातून पावसाळ्यानंतरच्या तपासणीच्या नोंदवह्या मागाव्यात आणि ज्या मिळतील त्या तालुकावार छापाव्यात, पुलाचे नाव, तपासणीचा दिनांक आणि नोंदवलेला शेरा एवढ्याच तीन रकान्यांत. ज्या पुलापुढचा दिनांकाचा रकाना रिकामा असेल, तो रिकामाच छापावा. गरज वाटल्यास त्या नोंदी वाचून त्यांचा अर्थ लावण्याच्या कामी, आणि प्रकृती साथ देईल तोवर वार्ताहरांसोबत पुलाखाली उतरण्यासाठीही, मी विनामोबदला उपलब्ध आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता,
जुळे सोलापूर, सोलापूर